दिसायला खरं

कोंबड्यांच्या कारखान्याला नवा मालक मिळाला आणि जुन्या कामगारांनाही नव्याने कामावर घ्यायचं ठरलं. काम करायची परवानगी असल्याचा पुरावा प्रत्येकाने दाखवायचा होता. हेल्मिनाने आपला मार्शल बेटांचा पासपोर्ट आणि देशात शिरल्याची सरकारी नोंद टेबलावर ठेवली. दोन देशांत करार असल्यामुळे बेटांवरच्या लोकांना अमेरिकेत काम करायला एवढं पुरतं. कारखान्याच्या गावात, स्प्रिंगडेलमध्ये, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

भरती करायला बसलेल्या ट्रॅव्हिसला नव्हतं.

"कामाच्या परवानगीची मुदत कधी संपते?"

"संपतच नाही, साहेब," जेल्टन म्हणाला. हेल्मिनाच्या या भाच्याला कारखान्याने दुभाष्या म्हणून बसवलं होतं.

"तारीख टाकल्याशिवाय संगणक पुढे जात नाही. ग्रीन कार्ड आणायला सांग."

"आमच्याकडे ते नसतं."

ट्रॅव्हिसने च्युइंग गम या गालातून त्या गालात नेलं. "हे बघ, मी काही कार्डांचा तज्ज्ञ नाही. समोर आलेलं खरं वाटलं की सही करतो. कुठून आणलं हे मी विचारत नाही."

जेल्टन मावशीकडे वळला आणि बेटांच्या भाषेत म्हणाला, "लाँड्रीच्या मागे एक माणूस असतो. फोटो घेऊन जा."

"खोटं कार्ड?"

"हळू बोल, मावशी."

"याला कुठे आपली भाषा कळते?"

"रांगेला कळते."

"माझं खरं चालत नाही आणि खोटं चालतं?"

"ते दिसायला खरं असतं."

"आणि पकडले गेले तर?"

"तर तू फसवलंस. तो बिचारा फसला."

इतकी वर्षं कोंबड्यांची आतडी उपसताना हेल्मिनाला कधी किळस वाटली नव्हती. ती आता वाटली.

"मला जे सांगितलंस ते त्याला इंग्रजीत सांग. एक शब्द गाळू नकोस."

जेल्टनने ओठ चाटले. "साहेब, ती म्हणतेय, विचार करून सांगते."

एवढं इंग्रजी हेल्मिनाला येत होतं. तिने पासपोर्ट उचलला आणि बाजूला झाली.

मागून बेटांवरचीच एर्लीन पुढे आली. चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसत. एर्लीनने कोरं करकरीत ग्रीन कार्ड ठेवलं. ट्रॅव्हिसने ते उलटूनही पाहिलं नाही.

"हे कसं, एकदम छान," म्हणत त्याने सही केली. आपण सगळं बरोबर समजावून सांगितल्याची सही जेल्टनने खाली शपथेवर ठोकली. एर्लीन मान खाली घालून हेल्मिनाच्या जवळून निघून गेली.

थू, असं मनात म्हणत हेल्मिना दारापर्यंत गेली. तिथे थांबली. नवऱ्याचं डायलिसिस कारखान्याच्या विम्यावर चालायचं. परवा पुन्हा त्याला मशीनवर घ्यायचं होतं.

ती परत टेबलापाशी आली.

"तो लाँड्रीमागचा," तिने भाच्याला विचारलं, "किती वाजेपर्यंत असतो?"

"सहापर्यंत."

"काय म्हणते?" ट्रॅव्हिसने विचारलं.

"उद्या किती वाजता येऊ, विचारतेय."

"सांग, सावकाश ये." तो हसला, अगदी मनापासून.

हेल्मिनाने तोंडावर हात धरला. आपल्याच श्वासाला घाण येतेय असं तिला वाटलं.