थेकसूची तिथी

हाडंच काय ते सांगतील, अशी गापसुलची समजूत होती. साठ वर्षं आपल्या जिभेला जे जमलं नाही ते हाडं करतील आणि आपण मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो की झालं. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पण भाबडेपणा पाहा!

म्हणून तर दोन वर्षांपूर्वी तो घरात कोणाला न सांगता बसने गेला होता. पन्नास सालच्या युद्धातल्या सैनिकांचे अवशेष शोधणारं लष्कराचं एक पथक आहे, त्यांच्या कॅप्टन प्योला घेऊन, काठी टेकत, धापा टाकत, तो नाकदोंग नदीजवळच्या त्या डोंगरावर चढला. सपाट खडक तसाच होता. "याच्या पायथ्याशी पाहा," एवढंच बोलला, आणि खाली उतरताना म्हणाला, "माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका, साहेब." कॅप्टननं शब्द दिला. पथकानं खणलं आणि हातभर मातीखाली क्वोन थेकसू सापडला. त्याच्याजवळ एक चमचा होता, दांड्यावर खिळ्यानं नाव कोरलेला. थेकसूची मुलगी बुनही हिनं आईच्या नकळत तपासणीसाठी गालातली लाळ देऊन ठेवलीच होती. बाप-लेक जुळले.

आईच्या नकळत का? तर थेकसूची बायको जोमरे त्याला मेलेला मानतच नव्हती. जिवंत माणसाची हाडं कशाला शोधायची? तो उत्तरेत कैदेत आहे, एक ना एक दिवस येणार, असं ती एकसष्ट वर्षं धरून बसली होती. रोज ताजा भात झाला की पहिला त्याच्या काशाच्या वाडग्यात जायचा. वर झाकण घालायचं आणि चुलीच्या धगीनं खालून तापणाऱ्या जमिनीवर, गोधडीखाली वाडगं ठेवायचं. लांब गेलेल्या माणसाचा भात असाच उबेत ठेवतात आमच्याकडे, म्हणजे तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. आधी हे सासू करायची. सासू गेल्यावर जोमरे करू लागली. घरात गॅस आला, फ्रीज आला, वाडगं काही हललं नाही.

आणि तो कैदेत आहे हे तिला सांगितलं कोणी? गापसुलनं, थेकसूच्याच गावच्या, त्याच्याच तुकडीतल्या मित्रानं.

त्रेपन्न साली लढाई थांबली आणि तो डाव्या हाताची दोन बोटं गमावून गावात परतला. वेशीवरच सासू-सून उभ्या. सुनेच्या पाठीला तीन वर्षांची बुनही बांधलेली. सासूनं त्याचा उजवा हात घट्ट धरला आणि विचारलं, "आमचा कुठाय?" तिच्या चेहऱ्याकडे पाहून गापसुलला 'गेला' असं म्हणवेना. "धरून नेलं त्याला," तो म्हणाला, "पण पायांवर चालत गेला. मी पाहिलं." चार दिवसांनी खरं सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. पण चौथ्या दिवशी म्हातारी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवल्याचं कळलं. मग कसं सांगणार? मग वर्ष गेलं. मग दहा गेली. जोमरेला मागण्या आल्या, तिनं हाकलून लावल्या. गापसुल दर वेळी गप्प राहायचा. भित्राच म्हणायचा, दुसरं काय!

हाडं जुळल्याचा फोन आल्यावरही जोमरेनं तीन दिवस वाडग्यात भात भरला. चौथ्या दिवशी तिनं वाडगं राखेनं घासलं आणि फडताळात ठेवलं. गापसुलला वाटलं, सुटलो.

जूनमध्ये कॅप्टन प्यो चार जवान घेऊन तिच्या घरी आला. सारं गाव अंगणात जमलं होतं. पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी बैठ्या मेजावर ठेवली, जवानांनी सलाम ठोकला. कॅप्टननं मानपत्र वाचलं. देश ऋणी आहे, कुटुंबानं सोसलं त्याला तोड नाही, असं बरंच होतं त्यात. बुनही हुंदके देत होती. जोमरे पांढरा पोशाख करून ताठ बसली होती.

"झालं वाचून?" तिनं विचारलं.

"हो, आजी."

"छान वाचलंस. घामाघूम झालायस, आधी पाणी पी. आता मला एकच सांग. तो गेला कोणत्या दिवशी?"

कॅप्टननं कागद चाळले. "आजी, नोंदीत ऑगस्ट एकोणीसशे पन्नास एवढंच आहे."

"ऑगस्टला एकतीस दिवस असतात, बाळा. त्यातल्या कोणत्या दिवशी मी त्याचं ताट मांडू? एकतीसही दिवस रांधू म्हणतोस? रांधीन, माझं काय जातंय. पण श्राद्धाला तिथी लागते."

गावच्या प्रमुखाला बोलल्यावाचून राहवेना. "अहो, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं नवव्या महिन्याच्या नवमीला करतात की. सगळी दुनिया करते."

"करू दे दुनियेला!" जोमरे उसळली. "त्या दिवशी सगळे बेवारशी मृतात्मे जेवायला येतात, झुंबड असते नुसती. आमचा माणूस कधी कोणाला ढकलून पुढे गेला नाही. लग्नात स्वतःच्या ताटावर बसायला लाजला होता. त्या गर्दीत त्याला घास मिळेल? एकसष्ट वर्षं त्याला जिवंत धरून मी एकदाही श्राद्धाला जेवायला बोलावलं नाही. आता मी चौऱ्याऐंशीची झाले. एकदा तरी त्याच्या दिवशी, त्याच्या नावानं बोलावू दे मला."

कॅप्टन कागदाकडे पाहत राहिला. मग त्याची नजर उठली आणि मागच्या रांगेत गापसुलवर येऊन थांबली. शब्दाला जागला पोरगा. तोंडातून नाव काढलं नाही. पण नजर काही हटेना.

हाडांनी दगा दिला होता. हाडांना नाव होतं, तिथी नव्हती. ती या जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो मागे बसून चपलेचा पट्टा चाचपत होता. आत्ता गप्प राहिलो तर ही बाई तिथीवाचून मरेल, आणि मग मी मेलो तरी याची भरपाई नाही, एवढं त्याला लख्ख कळलं. तो उठला.

"जुन्या चांद्र पंचांगानं सातव्या महिन्याची अकरावी," तो म्हणाला. "दुपारी गेला तो, वहिनी."

जोमरेनं सावकाश मान वळवली. "तुम्हाला काय माहीत, भावजी? तुम्ही तर त्याला चालत जाताना पाहिलं होतं."

"नाही पाहिलं. खोटं बोललो मी." एकदा तोंड उघडलं, मग थांबेना. "माझ्या मांडीवर गेला. पोटात गोळी लागली होती. पाणी पाणी करत होता. पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. बाटली माझ्या कमरेला, भरलेली. दिलं नाही मी. वाटलं, वाचेल. तासाभरात संपलं सगळं. खडकाखाली हातांनी माती लोटली आणि पळालो, वरून गोळे पडत होते."

"आणि तिथी?"

"सकाळीच म्हणाला होता तो. आज बाबांचं श्राद्ध, म्हणाला. या धामधुमीत आईला ताटासाठी ऑक्टोपस कुठून मिळणार, नुसत्या खाऱ्या बांगड्यावर भागवलं असेल."

जोमरेच्या हातातला रुमाल खाली पडला. अकरावी म्हणजे तिच्या सासऱ्यांची तिथी. लग्न होऊन आली त्या वर्षापासून एकदाही चुकवली नव्हती. दर अकरावीला ती ताट मांडायची, दार उघडायची, आणि आत बोलवायची.

"म्हणजे दर वर्षी," ती म्हणाली, "दर वर्षी मी त्याच दिवशी दार उघडत होते. सासऱ्यांना म्हणायचे, या, जेवा. त्याला कधी ये म्हटलं नाही. बापामागे उंबऱ्यात उभा राहिला असेल हो तो! बोलावल्याशिवाय आत यायचा नाही, मी सांगते ना, लाजरा होता!"

मग ती रडली. एकसष्ट वर्षांत गावानं तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. बुनही गापसुलकडे धावून आली. मारायलाच आली होती. "काका, मी बापाला नावं ठेवत वाढले! तिकडे दुसरं लग्न केलं असेल म्हणायचे! तुम्ही ऐकत होतात ना?" ऐकत होता. कॅप्टननं तिला हलकेच बाजूला घेतलं.

जोमरेनं डोळे पुसले. "जा, भावजी," एवढंच म्हणाली. "आत्ता माझ्यासमोर थांबू नका."

थेकसूला लष्करी स्मशानभूमीत मानानं पुरलं, बंदुकांच्या फैरी झडल्या. गापसुल लांब, झाडापाशी उभा होता. दोन महिने त्याला त्या घरातून ना हाक, ना शिवी. शिवी आली असती तरी बरं वाटलं असतं, असं तो बायकोला म्हणायचा. बायको म्हणायची, "साठ वर्षं तिला थांबवलंत, आता थांबा थोडं."

सातव्या महिन्याच्या अकरावीला सकाळी बुनही दारात आली. चेहरा कोरा. "आईनं बोलावलंय. संध्याकाळी. अंघोळ करून या म्हणाली."

पूर्वी मध्यरात्री व्हायची ती श्राद्धं आता लोक संध्याकाळीच उरकतात. गापसुल इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मेजावर दोन ताटं होती. एक सासऱ्यांचं, नेहमीचं. दुसऱ्या ताटात ते काशाचं वाडगं, भातानं शीग लावून भरलेलं. बोरं, सुकी मासळी, खारा बांगडा, आणि मधोमध अख्खा उकडलेला ऑक्टोपस. मृतांना दारू ओतायचा मान मुलाचा, इथे मुलगी ओतते म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली असती, पण जोमरेनं भाऊबंदांना बोलावलंच नव्हतं.

तिनं दार सताड उघडलं. "मामंजी, या," ती म्हणाली. मग थोडी थांबली. "अहो, बुनहीचे बाबा, तुम्हीही या. बाहेर नका उभे राहू." आणि पेटीतून आलेला तो गंजका चमचा तिनं वाडग्यातल्या भातात उभा रोवला.

बुनहीनं दारू ओतली. तिघांनी जमिनीला डोकं टेकलं. मृतांचं जेवण व्हायला जेवढा वेळ द्यायचा तेवढा वेळ सगळे खोलीबाहेर उभे राहिले. मग आत आले. शेवटी ताटातला रस्सा उचलून त्या जागी पाणी ठेवतात, त्यात तीन घास भात कालवतात. सासऱ्यांचं पाणी बुनहीनं ठेवलं. दुसरा प्याला जोमरेनं उचलला, आणि तो पुढे धरला, गापसुलकडे.

"वहिनी, हा घरच्यांचा मान—"

"माफ केलं असं समजू नका," ती म्हणाली. "माफ करायचं की नाही ते मी अजून ठरवते आहे. पण पाणी त्यानं तुमच्याकडे मागितलं होतं. तुम्हीच द्या."

गापसुलनं प्याला तीन बोटांच्या आणि पाच बोटांच्या हातांत मिळून धरला. गुडघ्यांवर सरकत तो वाडग्याजवळ गेला, प्याला ठेवला, चमच्यानं तीन वेळा भात कालवला. दांड्यावरची अक्षरं त्याच्या अंगठ्याला लागत होती.

"घे रे, थेकसू," तो म्हणाला. "आता चालतं."