फोटोत माणसं नकोत

आमचा डायनर, म्हणजे रस्त्याकडेचं छोटं खाण्याचं हॉटेल, कारखान्यात बनलेला. आगगाडीच्या डब्यासारखा तो ट्रकवर घालून आणला आणि हमरस्त्याच्या कडेला ठेवला, तेव्हा आमच्या मालकाचे, थानासिसचे वडील आनंदाने रस्त्यातच रडले होते म्हणे. डायनर त्यांचा, खालची जमीन मात्र दुसऱ्याची, भाड्याची. मी व्हर्ना. इथल्या काउंटरमागे कॉफी ओतता ओतता माझे केस पांढरे झाले.

यंदा जमीनवाल्याने सांगून टाकलं, वसंतापर्यंत जागा मोकळी करा, इथे पेट्रोल पंप येणार. डायनर उचलून न्यायला दुसरी जागा मिळाली नाही तर तो सरळ भंगारात. त्यातच माइल्स नावाचा फोटोवाला आला. जुने डायनर नाहीसे व्हायच्या आत त्यांचे फोटो काढत देशभर हिंडतो म्हणाला. थानासिसला स्वर्ग दोन बोटं उरला.

"व्हर्ना, फोटो छापून आला की गावातलं कुणीतरी जागा देईल बघ!"

"देईल तर! तुझीच वाट बघत बसलेत सगळे," मी म्हटलं. पण खरं सांगते, आशा मलाही लागली. आम्ही दोघांनी घासून घासून एकेक स्टूल चकचकीत केलं.

सकाळी माइल्सने कॅमेरा तिपाईवर चढवला. "जरा सगळे बाहेर जाता का? मला रिकामा हवाय."

"अरे बाबा, माणसं काढून डायनरचा कसला फोटो? डोंबलाचा?"

"माणसं असली की बघणारा माणसांनाच बघतो, व्हर्नाबाई."

मग काय! रोजचं गिऱ्हाईक म्हातारा ऑरव्हिल, दोन ट्रकवाले, मी आणि खुद्द मालक, सगळे कॉफीचे कप धरून बाहेर थंडीत कुडकुडत उभे.

"माझ्या लग्नातसुद्धा मी इतका वेळ उभा नव्हतो," ऑरव्हिल म्हणाला. "आणि तिथे निदान केक मिळाला होता."

फोटो मासिकात छापून आला. देखणा होता, खोटं कशाला बोलू? पण गावातून कुणाचा फोन आला नाही. आला तो कोलोरॅडोतल्या एका श्रीमंताचा. त्याच्या जुन्या मोटारी ठेवलेल्या दालनात त्याला शोभेला डायनर हवा होता, कपबशांसकट.

"आणि आम्ही?" थानासिसने फोनवर विचारलं.

"तुम्ही कशाला? तिथे काही शिजणार नाहीये."

भंगारात जाण्यापेक्षा बरं, म्हणत थानासिसने होकार दिला. मी भांडणारच होते, पण माझ्याकडे तरी कुठे जमीन होती त्याला द्यायला? फार फार वाईट वाटलं.

क्रेनने डायनर उचलून ट्रकवर ठेवला त्या सकाळी माइल्सही आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मला वाटलं होतं, वाचेल."

"वाचला की," थानासिस म्हणाला.

"या वेळी तुम्ही सगळे समोर उभे राहा. तुमच्यासकट काढतो."

आम्ही उभे राहिलो. ऑरव्हिलने टोपी काढून होते नव्हते ते केस बसवले. माइल्सने कॅमेरा डोळ्याला लावला, तोच त्या श्रीमंताचा माणूस मोबाइल उगारून ओरडला, "ओ, बाजूला व्हा! साहेबांना फोटो पाठवायचाय. मध्ये येताय!"

माइल्सने कॅमेरा खाली घेतला. आम्ही निमूट बाजूला झालो, मागच्या वेळी उभे होतो तिथेच. ऑरव्हिलने सवयीने कॉफीसाठी माझ्यापुढे हात केला. माझ्याकडे कप नव्हता.