सगुणबाबांची ‘वायट’

मी ‘वायट’ बोलतेय. दचकू नका. हे माझं नाव आहे, स्वभाव नव्हे. स्वभावाचं म्हणाल तर माझ्याइतकी सोशीक होडी केरीच्या किनाऱ्यावर दुसरी सापडायची नाही. सगुणबाबांसारखा मालक झेलायचा म्हणजे काय खायचं काम आहे?

गोवा मोकळा होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा माझा जन्म झाला. सगुणबाब डिचोलीला एका खाणवाल्याच्या बार्जांच्या कचेरीत कारकून होते. जन्मभर त्यांनी कचेरीच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, नदी पाहिली. पाण्यात पाय घातला तो फक्त गणपती विसर्जनाला. नोकरी संपल्यावर ते केरीला थोरल्या भावाकडे, भिकाजीकडे राहायला आले. लग्न केलेलं नव्हतं. सामान म्हणजे एक ट्रंक, आणि ट्रंकेत कुठल्याशा विलायती कॅलेंडरवरचं पांढऱ्या शिडाच्या नावेचं चित्र.

ते चित्र त्यांनी गोकुळदास मेस्ताच्या नाकासमोर धरलं. मेस्त सुताराच्या जातीला जागला. चित्राकडे पाहून मान हलवली आणि त्याला येत होती तशीच होडी बांधली. फळीला फळी काथ्याने शिवली. अंगात लोखंडाचा खिळा एकही नाही. शिवलेल्या होडीचं असं असतं की लाट आली की ती अंग जरा सैल सोडते, आणि लाट गेली की सावरते. घरातल्या बाईमाणसासारखंच म्हणा ना.

मला पाण्यात लोटायच्या दिवशी सगुणबाब डोक्यावर टोपी घालून सगळ्यांना बजावत होते, “होडी म्हणायचं नाही. ही यॉट आहे, यॉट!”

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचा म्होरक्या बाबली कान टवकारून ऐकत होता. त्याने मला पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “वायट? मगे बाबानू, इतके पैशे घातलास ते चांगलीच बांधून घेवची मां!”

झालं. त्या दिवसापासून मी वायट. “वायट खंय गेली?” “वायट इली.” “आज वायट दिसूक नाय ती?” बारशाच्या दिवशी असलं नाव मिळालेली मी एकटीच असेन.

आता सगुणबाबांची मतं. वाऱ्याबद्दल, मासळीबद्दल, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलच्या चाकात किती हवा असावी याबद्दलही त्यांना मत होतं, आणि ते विचारावं लागत नसे. पिढ्यान्‌पिढ्या रापण टाकणाऱ्यांना ते पाण्यात उभे राहून सांगत, “तुमची पद्धत मुळातच चुकीची आहे.” माझी उलांडी, म्हणजे कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला लाकडी ओंडका, पहिल्याच महिन्यात काढून टाकली. का? तर कॅलेंडरातल्या नावेला ती नव्हती. मी कलंडले. त्यांनी वाऱ्याला शिव्या घातल्या.

आणि मग ते खिळ्यांचं प्रकरण. डोलकाठी हातभर पुढे हवी, असं त्यांना एका दुपारी वाटलं. मेस्त म्हणाला, “बाब, शिवलेल्या अंगात खिळो मारू नकात. फळी फुटात.” सगुणबाब म्हणाले, “यॉट काय गोधडी आहे शिवायला?” आणि काठी नव्या जागी बसवायला माझ्या तळाच्या फळीत त्यांनी चार खिळे स्वतःच्या हाताने ठोकले. प्रत्येक ठोक्याला मी कळवळले. ऐकतो कोण?

गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, सगुण पिसो आहे, ठार वेडा. दुसरा म्हणायचा, शिकलेला माणूस आहे, आपल्याला कळत नाही. दोन्ही तट वाद घालायला यायचे ते भिकाजीच्या अंगणात, जिथे मला ओढून ठेवत. माझ्याच काठावर कोपर टेकायचे, विडी ओढायचे आणि राख माझ्यात झाडायचे.

अशात भिकाजीच्या मुलाचं, विठूचं लग्न ठरलं. मुलगी तेरेखोल नदीच्या पलीकडची, रेडीची. नाव भाग्यलक्ष्मी. लग्न तिकडेच झालं. वरात परत तेरेखोलच्या धक्क्यावर येते तर फेरीबोट सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्यात गाळाला टेकलेली. विठूच्या आईचा, वत्सलेचा जीव खालीवर. दिवेलागणीच्या आत सुनेचं पाऊल घरात पडायला हवं होतं.

“यॉट आहे की!” सगुणबाब म्हणाले. ते लग्नाला माझ्यातूनच आले होते, आणि मी धक्क्याला बांधलेली होते. दुसरा उपायच नव्हता. बाकीचं वऱ्हाड थांबलं. माझ्यात बसले नवरा-नवरी, भिकाजी आणि वत्सला. सुकाणूवर सगुणबाब. नवरीच्या मांडीवर एक गाठोडं होतं, त्यात घरचा जुना अंतरपाट. त्याच्याआड उभं राहून वत्सलेचं लग्न लागलं होतं, तिच्या सासूचंही. लाल कुंकवाचं स्वस्तिक असलेलं ते वस्त्र सांभाळायचं काम नव्या सुनेवर सोपवलं होतं.

वल्ही मारून सरळ पलीकडे जायचं, एवढंच काम. पण सगुणबाबांना ऐकायला माणसं मिळाली होती आणि ती उठून जाऊ शकत नव्हती! त्यांनी शीड उभारलं आणि मला नदीच्या मुखाकडे वळवलं. दुपारचा खारा वारा शिडात भरला, डोलकाठी कुरकुरली, खिळे हलले. आणि तळाची फळी उभी फुटली.

पाणी आधी नवरीच्या पायाला लागलं. ती तळाशी बसली होती, मान खाली घालून. नवरीने मान खालीच घालायची असते, म्हणून तिला ते दिसलं. बाकीच्यांच्या माना वर होत्या. तिने सगुणबाबांकडे पाहिलं. त्यांनीही पाण्याकडे पाहिलं होतं. चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण तोंड चालूच! मोठमोठ्याने ते खाऱ्या वाऱ्याचे गुण सांगू लागले. पोहता कुणालाच येत नव्हतं. कुणी घाबरून उठलं असतं तर मी तिथेच कलंडले असते, उलांडी कुठे होती मला?

भाग्यलक्ष्मीने गाठोडं सोडलं आणि पायानेच अंतरपाट त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी टाचेने तो फटीत कोंबला, वरून तळावरची सुटी फळकुटं सरकवली आणि सुकाणू वळवून मला केरीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर घातलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला बरोबर हाकारलं, आणि ते कुणाला कळलंच नाही.

सुकती पूर्ण झाल्यावर सगळे वाळूतून चालत घरी गेले. शालू गुडघ्यापर्यंत चिखलात. घरात पाऊल पडलं तेव्हा दिवे लागून गेले होते.

दुसऱ्या दिवशी बाबलीच्या माणसांनी मला ओढून अंगणात आणलं. तिथे माझा निवाडा सुरू झाला.

“उद्या हिची लाकडां करा,” वत्सला म्हणाली. “माझ्या सुनेक चिखलातसून आणली ह्या भावोजींनी. आनी अंतरपाट खंय आसा? पिढ्यांचो अंतरपाट! पयल्याच दिवसा हरवलो. सूनबाय, तुझ्याकडेच दिलेलो मगो?”

भाग्यलक्ष्मी खांबाआड उभी होती. 

“पायगुण,” वत्सला पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

भिकाजी म्हणाला, “सगुण, तू वाळूत घातलीस कशी रे? आंधळो काय तू?”

“वाळू सरकलेली,” सगुणबाब म्हणाले.

बाबली खो खो हसला. “वाळू सरकली! बाबानू, अक्कल सरकली म्हणा!”

मी सगुणबाबांकडे पाहत होते. फुटलेली फळी सांगितली तर माझी लाकडं निश्चित. नाही सांगितलं तर पायगुणाचा शिक्का त्या पोरीच्या कपाळी, तोही जन्माचा. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ज्या माणसाला पोदेराच्या चाकावर मत होतं, त्याला आता शब्द सापडेना. असा राग आला म्हणता मला! बोला की, नको तेव्हा बोलता!

“वयनी,” अखेर त्यांचा आवाज फुटला, “अंतरपाट तिने हरवला नाही. मी…”

तोवर भाग्यलक्ष्मी अंगणात उतरली होती. पदर खोचून तिने माझी फळकुटं उचलली आणि फटीतून अंतरपाट ओढून काढला. विहिरीवर नेऊन पिळला आणि सगळ्यांसमोर दोरीवर वाळत घातला. कुंकू ओघळलेलं, आणि स्वस्तिकाच्या बरोबर मधे खिळ्याने पाडलेलं गंजकं भोक.

“काकांनी वाळूत घातली म्हणून पायच भिजले,” ती हळूच म्हणाली. “नायतर डोकी भिजली असती.”

एवढंच.  त्याहून जास्त सांगायची गरजच पडली नाही.

बाबलीची विडी विझली. भिकाजीने माझ्या तळाला वाकून हात लावला. मग एकदम गलका. कुणी म्हणे, सगुणने पाच जीव वाचवले. कुणी म्हणे, बुडवायला काढले होते कुणी? खिळे मारले कुणी? दोन्ही खरं होतं, म्हणूनच वाद मिटेना.

“ता ऱ्हवंदे,” भिकाजी म्हणाला, “हिची लाकडां करूची मां?”

वत्सला भोकाकडे पाहत उभी होती. “गप ऱ्हवा. अंतरपाट लागल्लां लाकूड चुलीत घालतत? हिचां लगीन लागल्लां तां. ती आता ह्या घराची.” मग सुनेकडे न बघताच म्हणाली, “सूनबाय, पायाक खोबरेल लाव. खाऱ्या पाण्यान फुटतत.”

अशी मी वाचले, आणि पायगुणाचा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही. मेस्ताने खिळे उपटले, फळी पुन्हा शिवली. त्याची अट एकच होती, काम चालू असताना सगुणबाबांनी घरात बसायचं. ते बसले. जनेलातून सूचना देत.

आता आम्ही दोघंही थकलो. मी सुरूच्या सावलीत पडून असते, ते आरामखुर्चीत. वाद अजून माझ्या काठावर चालतो, सगुण पिसो की शहाणा? स्वतःच्या कीर्तीवरच्या वादातही ते मधे पडतात, “तुमचा मुद्दाच चुकीचा आहे!”

माझं एक ऐका. भांडा हवं तितकं, पण आधी वाकून तळाचं ते ठिगळ बघा. मला नवा रंग द्यायची वेळ आलीच तर ‘वायट’ हे नाव पुसू नका. दुसरं आता मला ओळखू यायचं नाही. आणि या घरात लग्न असेल तेव्हा नीट पाहा. अंतरपाट तोच आहे. त्या भोकाला ठिगळ लावायला वत्सलेने कधी कुणाला दिलं नाही. भटजी मंगलाष्टकं म्हणत असतात, आणि नवी नवरी मान खाली घालून, त्या भोकातून आपला नवरा हळूच बघून घेते.