चालू ऑपरेशनमधला फोटो

नंदुरबारच्या एका खाजगी दवाखान्यात धीरज बिलं करायचा आणि त्याची एक ठाम सवय होती: शिरेत रंगाचं औषध सोडून फोटो काढला, की बिलात त्याचा वेगळा कोड, वेगळी रक्कम. रतिलालभाईंच्या पायाची तुंबलेली शीर उघडली, तेव्हाही त्याने तेच केलं. तोच त्यांच्या पत्नी पार्वतीबाई खिडकीशी आल्या.

"भाऊ, सुरतले फोटो काढा तवय फिलम दिन्ही व्हती. आठली फिलम दे ना!"

तापीकाठची माणसं फिलम घरी जपून ठेवतात, पाहुण्यांना उजेडात धरून दाखवतात. पण इथली फिलम द्यायची कुठून?

"मावशी, तो फोटो ऑपरेशन चालू असताना पडद्यावरच पाहिला."

"मंग त्याना येगळा पैसा कसाना? दुसरा पायनं आपरेशन बाकी शे. विमा आठेच सरना तं काय करूत?"

विमा इथेच संपला तर, या प्रश्नाने धीरज गडबडला आणि तडक डॉक्टर योगेंद्रांकडे गेला. दवाखाना त्यांचाच.

"सर, फोटो काढला तर खरा. मग वेगळा लावायचा की नाही?"

"सुरतचा फोटो रोग शोधायला होता. मी काढलेले फोटो शिरेत घातलेली तार कुठे चाललीय, शीर उघडली का, हे पाहायला. न पाहता ऑपरेशन करू? ते पाहणं ऑपरेशनच्या रकमेतच धरलेलं असतं."

"आणि सुरतचा फोटो नसता तर?"

"तर शोधायचा फोटो वेगळा लागला असता."

"म्हणजे कधी लागतो, कधी नाही?"

"म्हणूनच दर वेळी विचारायचं, बाबा! मीही बिलं कधी पाहिली नाहीत. चूक माझीही आहे."

अरे देवा! एकाच कामाचे दोनदा पैसे! धीरजने तो कोड काढला. "दुसऱ्या पायाला विमा पुरेल, मावशी," म्हणताना त्याला खापर गावचे पेशंट दोधूभाऊ आठवले. त्यांच्याही चालू ऑपरेशनमधल्या फोटोला त्याने असाच वेगळा कोड लावला होता. विमा संपला म्हणून दुसरा पाय तसाच घेऊन ते घरी गेले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, आणि यानेही नाही. धीरजला स्वतःची लाज वाटली. त्याने फोन लावला.

"दोधूभाऊ, तुमच्या बिलात माझी चूक झाली. विमा कंपनीला दुरुस्ती कळवतो, जास्तीचे पैसे तुमच्या विम्यात परत येतील. पाय कसा आहे?"

"दुखस रे भाऊ. पन आते येवानं का?"

"या. लगेच या!"

मंडळी, बिल कळलं नाही तर विचारा, त्यात लाज कसली? आणि बिल करणाऱ्यांनो, तुम्ही आधी विचारा. तुमच्या सवयीपायी कोणाचा तरी पाय दुखत राहतो.