मंत्राने हलणारी गाठ

“या बालिकेच्या कंठात ब्रह्मांडाचं रहस्य वसलं आहे!” महाराज गरजले, आणि आशीर्वादाचा हात खाली आणताना तो शिंप्याच्या तापलेल्या इस्त्रीवर टेकला. ब्रह्मांड राहिलं बाजूला, “आई गं!” तेवढं साऱ्या दुकानाला ऐकू गेलं.

पँट आखूड करून घ्यायला आलेला मी गर्दीमागे सरकलो. शिंप्याच्या चिमुरडीच्या गळ्यावर, बरोबर मधोमध, सुपारीएवढी गाठ जन्मापासूनची. महाराजांच्या मते तो दैवी मणी. “बाळ, मण्याला जीभ दाखव!” म्हणत ते मंत्र पुटपुटत, आणि गाठ खरंच वर सरके. लोक हात जोडत. मला आपली शंका, देवाला जिभेचीच एवढी हौस का?

आज गाठ लालबुंद होती आणि पोर तापाने फणफणलेली.

“मणी जागृत होतोय. सुरी लावलीत तर वाचा जाईल पोरीची!” महाराजांनी बजावलं.

या धाकाने बापाने ऑपरेशन टाळलेलं. म्हणून आईने डॉक्टरबाईंनाच दुकानात आणलं.

“वहिनी, दारात देव आलाय आणि तू डॉक्टर आणलीस?” पोरीची आत्या कडाडली.

“वन्सं, देवाला कधी पू होतो का?”

डॉक्टरबाईंनी गाठ हलकेच चाचपली. “महाराज, चालू द्या मंत्र. बाळ, तू तोंड मीट. गिळायचंही नाही हं.”

मंत्र झाला, जोरात झाला, घामाघूम होऊन झाला. गाठ ढिम्म.

“आता मी म्हणते. काढ जीभ.” आणि बाईंनी भिंतीवरची पाटी खणखणीत वाचली, “कापड आटल्यास दुकान जबाबदार नाही.”

गाठ टुणकन वर! सवयीने जोडलेले काही हात घाईघाईने खिशात गेले.

“थायरॉइड ग्रंथी जन्माआधी जिभेच्या मुळापासून गळ्यात उतरते. मागची वाट बुजते. हिची बुजली नाही, तिथे द्रव साचला. जिभेशी जोडलेली गाठ जिभेबरोबर हलणारच. आधी औषधाने पू उतरवू, मग ऑपरेशन. त्याने वाचा जात नाही.”

“महाराज,” शिंप्याने विचारलं, “हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“श्रद्धा असेल तर...”

“होतं की नव्हतं?”

महाराज चपला शोधू लागले. शिंप्याने इस्त्री बंद केली आणि लेकीला कडेवर घेतलं.

“पण मग नवलाला हातच जोडायचे नाहीत का?” आत्या कुरकुरली.

“जोडा की,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “आधी पारखून घ्या, मग जोडा. पारखण्याआधी जोडलेल्या हातांची किंमत लेकरं मोजतात.”

तेवढ्यात बापाच्या खांद्यावरून बोबडा आवाज आला,

“आता जीभ आत घेऊ?”