अण्णांचा शब्द

मरणाच्या आदल्या दिवशी धम्मानंद गुरुजी पिंगळीच्या शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून प्लास्टिकच्या पाइपाचं तोंड तापवत होते. तोंड मऊ झालं की त्यात दुसरा पाइप दाबून बसवायचा; गार झाला की घट्ट. गावात सगळेच असं जोडतात, पण गुरुजींचा पाइप व्याख्यानाशिवाय जोडला जात नसे.

"उष्मा म्हणजे उष्णता, मृदू म्हणजे मऊ. उष्मामृदू! नोकरीला लागलो त्या वर्षी मीच घडवला हा शब्द," ते गड्याला, सिद्धोधनला, सांगत होते. "आपले सरपंच भगवानराव बघ. निवडणुकीत तापले की मऊ, गार झाले की होते तसेच टणक."

"आन् तुमी, गुरुजी?"

"मी उष्मादृढ. किती बी तापव, मऊ होत न्हाई."

संघप्रिया, त्यांची लेक, पुण्यात ग्रंथपाल; सुटीला आलेली ती शेजारीच उभी होती. दुसऱ्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे, खोड बापाचीच. ती म्हणाली, "अण्णा, तो शब्द तुमच्या नोकरीआधी छापलेल्या कोशात आहे. मी पाहिलाय."

गुरुजींनी पाइप जाळावर फिरवला. "असंल," एवढंच म्हणाले.

पहाटे ते झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजली वाहायला भगवानराव माइकपुढे आले आणि पार विरघळले. शाळेच्या गळक्या छपरासाठी गुरुजींनी दिलेल्या सहा अर्जांवर एक सही ज्यांच्या हातून झाली नाही, ते आता उपरण्यानं डोळे टिपत होते. "गुरुजींनी देशाला उष्ण... उश्मा... मऊ पाइपाचा शोध दिला!" चार हात टाळीसाठी उठले, प्रसंग आठवून खाली आले.

"ताई, कायबी बोलायलेत हे," सिद्धोधन कुजबुजला. "सांगा की."

तिनं माइक घेतला. दुरुस्तीला ती कधी मागं हटली नव्हती.

"शोध अण्णांचा नाही. शब्दही त्यांचा नाही."

मंडपात कुणीतरी खाकरलं. ती फोटोकडे वळली.

"नववीत उष्मामृदू प्लास्टिकच्या धड्यावरच्या चाचणीत मी नापास झाले होते. तुम्ही मला शेतात नेलंत, पाइप तापवलात आणि माझ्याच हातानं वाकवायला लावलात. हातावर फोड आला होता. तुम्हाला कधी बोलले नाही... अण्णा, मला तो शब्द कोशातून समजला नव्हता."