वाउटरच्या उंचीचा मांडव

"मांडवाला दोन मीटरचा नियम, म्हंजी किती उंच रं?" मी विचारलं होतं. आणि माझा लेक कानातली वायर न काढता म्हणाला होता, "आपल्या माणसाच्या डोक्यावर थोडं, आई. आसपास धर."

हा 'आसपास' आमच्या बोकांडी बसला.

भांडण ऑगस्टात झालं, पण त्याचं मूळ मे महिन्यातलं. मी टिलबर्गला, ह्या डच मुलखात, लेकाकडं तीन महिन्यांसाठी आले आणि त्या रोगानं विमानं बसवली. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. चौथ्या मजल्यावरच्या खुराड्यात बसून मी लोखंडासारखी गंजायला लागले, तेव्हा सुनेनं, विशाखानं, खटपट करून गावाबाहेर भाड्याचा जमिनीचा तुकडा मिळवला. इथं शहरातली माणसं असे तुकडे घेतात, हौसेनं मुळे-गाजरं लावतात, आणि एक मुळा आला की दहा फोटो काढतात. जमीन कसली, नुसती रेती. मुठीत दाबली तर गोळा होत नाही. पण माती ती माती. मी नाक मुरडलं आणि कुदळ उचलली.

माझ्या पिशवीत वेलघेवड्याचं बी होतं. लाल ठिपक्याचं. आमच्या आळीत हे बी धरायचं काम माझी जाऊ शैला करायची. दरवर्षी शेंगा वाळवायची, राखेत घोळायची, आणि आळीतल्या बायका तिच्याकडून पसाभर नेऊन पेरायच्या. कुणी स्वतः बी धरायचंच नाही, शैला आहे की! येताना तिनं मला पुडी दिली, "तिकडच्या गोऱ्यांना घेवडा खाऊ घाल" म्हणाली. त्या एप्रिलात ती दवाखान्यात गेली ती गेलीच. मला फोनात चितेचा धूर दाखवला. तिचं घर बंद पडलं आणि घरातल्या बियाला टोका लागून ते किडलं. म्हणजे आळीतला सगळा घेवडा आता माझ्या पुडीत. मी निम्मं खायला ठेवलं नाही, सगळं पेरलं.

आता मांडव. आमच्याकडं घेवड्याचा मांडव फुटपट्टीनं मोजत नाहीत. घरातला माणूस उभा करायचा, त्याच्या डोक्यावर एक वीत ठेवायची, तिथं आडवी काठी बांधायची. वाकावं लागत नाही आणि शेंगेला हात पोचतो. माणूस म्हणून मी लेकाला हाक मारली, तर तो गाडीत बसून मीटिंग करत होता. सून लॅपटॉपवर पोरांची गणिताची शिकवणी घेत होती. उरला कोण? शेजारच्या वाफ्यातला वाउटर. निवृत्त बसचालक, गुणाचा माणूस, हसतो फार. मी खुणेनं त्याला मांडवाच्या मेढीपाशी उभा केला, रोगाच्या नियमानं दीड मीटर लांबून काठीनं त्याच्या डोक्याचा अंदाज घेतला, वर वीत धरली आणि बांधून टाकलं.

ह्या देशातली माणसं काय खाऊन वाढतात देव जाणे. वाउटर निघाला एक मीटर शहाण्णव.

वेलांनी मात्र मांडव असा भरला की खाली उभं राहिलं तर आभाळ दिसेना. खायच्या शेंगा मी बाजूच्या तोडल्या. वरच्या, छतावरून लोंबणाऱ्या, बियाला राखल्या. आणि त्या पिवळ्या पडायला लागल्या तोवर बागांच्या मंडळाचा अध्यक्ष आला. खेरिट त्याचं नाव. खिशात टेप, तोंडावर मुखपट्टी, आणि कपाळावर अशी आठी की घेवड्यानं त्याच्या बापाचं काही घेतलंय. त्यानं टेप लावला. दोन मीटर अठरा सेंटिमीटर. नियम दोनचा. सावली दुसऱ्याच्या वाफ्यावर पडते म्हणे. ह्या देशात ऊन असतं कधी की सावली पडावी?

"पुढच्या शनिवारी परत येतायत," विशाखानं त्याचं डच मला मराठीत आणून दिलं. "तोवर खाली घ्या म्हणतात. नाहीतर वाफा परत."

"खाली कसा घ्यायचा गं? मेढी कापल्या तर छत फाटंल, येल तुटतील, वरच्या शेंगा हिरव्याच ऱ्हातील. त्यात बी भरलं न्हाई अजून."

"त्यांना सांगितलं मी. नियम म्हणाले."

घरी येऊन मी लेकाला धरलं. "तुला नियम ठावा व्हता न्हवं? मग 'आसपास' कशाला म्हनलास?"

"आई, अप्रॉक्सिमेट सांगितलं मी. मला काय माहीत तू साडेसहा फुटी माणूस उभा करशील!"

"तू उभा ऱ्हायला असतास तर कशाला केला असता? तुझी उंची तरी नेमकी सांगतोस का, का ती बी आसपास?"

नात संहिता हसली आणि डचमध्ये काहीतरी बोलली. मला कळलं नाही, पण बापाचं तोंड उतरलं म्हणजे बरं असणार.

रात्रभर मी मांडव कसा वाकवायचा ते बघत होते, आणि सकाळी डोक्यात उजाडलं की मेढी नाहीच हलवायच्या, भुई वर आणायची. घेवड्याला आपण मातीची भर देतोच. बुंध्याशी थोडी जास्त दिली तर वेल काही मरत नाही. तो अध्यक्ष टेप लावणार तो जमिनीवरूनच ना? जमीन वर आली की मांडव खाली गेला. विशाखानं ऐकलं आणि टाळी देण्यासाठी हात पुढं केला. मी टाळी दिली नाही. सुनेला लगेच टाळी दिली की ती दुसऱ्या दिवशी डोक्यावर बसते.

"पण माती किती लागंल?" मी म्हणाले.

इथं माझ्या लेकातला इंजिनियर जागा झाला. ज्यानं दोनला 'आसपास' म्हटलं, तो आता टेप घेऊन वाफ्यात रांगायला लागला. मांडव तीन पॉइंट आठ बाय एक पॉइंट नऊ, आणि भर हवी शून्य पॉइंट अठरा. संध्याकाळी लॅपटॉप उघडून त्यानं आकडा काढला. "एक पॉइंट दोन नऊ नऊ सहा घनमीटर," म्हणाला, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी आता ओवाळावं. "म्हणजे एक पिशवी मागवायची आणि वरचं आपल्या खताच्या ढिगातून काढायचं. एकदम फिट."

मातीवाले एक घनमीटरच्या पिशवीखाली देत नाहीत, अर्धी फाडून मिळत नाही.

"दोन पिशव्या," विशाखा पोळी लाटता लाटता म्हणाली. कागद नाही, पेन्सिल नाही. "तीन पॉइंट आठ म्हणजे चार. एक पॉइंट नऊ म्हणजे दोन. चार दुणे आठ. अठरा सेंटिमीटर म्हणजे वीस. एक पॉइंट सहा. दोन पिशव्या मागव."

"प्रत्येक ठिकाणी वर का ढकलतेस? एक्झॅक्ट आकडा आहे ना समोर!"

"कारण कमी पडलं तर आई बी गमावतील आणि आपण वाफा. जास्त झालं तर काय होईल? टोमॅटोला टाकू. श्रेयस, कुठल्या बाजूला राउंड करायचं ते नुकसान कुठल्या बाजूला आहे त्यावर असतं. मी पोरांना हेच शिकवते, आणि ती नऊ वर्षांची आहेत."

"पॉइंट सात घनमीटर एक्स्ट्रा, विशाखा. वेस्ट आहे ते."

मला आतापर्यंत ते राउंड ऑफ म्हणजे चोरांचा धंदा वाटायचा. दिवसभर भिंतीपलीकडून ऐकायची, पाचाच्या पुढं वर, पाचाच्या आत खाली. मनात म्हणायची, खरं सोडून जवळचं शिकवायला पैसे घेते. पण चुलीपाशी जन्म गेला माझा. पाहुणे अकरा आले की मी बाराचा भात घालते, दहाचा नाही. ती तेच करत होती, फक्त तिच्यात इंग्रजी होतं.

"आरं लेका," मी म्हणाले, "जिथं नेमकं बोलायचं तिथं तू आसपास म्हनलास. आनि जिथं आसपास चालंल तिथं चार-चार आकडे ठिपक्याम्होरं लावतूस. माती बसती का न्हाई, ठावं हाय का तुला?"

"बसते म्हणजे?"

"खाली बसती. मोकळी टाकली की फुगल्याली दिसती. पाणी पडलं, पाय पडला की दबती. तुझा तो नऊ-नऊ-सहा पहिल्या पावसात पाताळात जाईल."

त्यानं गुगल करायला फोन काढला. आईवर भरवसा नाही, फोनावर आहे. थोड्या वेळानं तोंड वाकडं करून म्हणाला, "सेटलिंग बरंच होतं." मी भाजीत मीठ टाकलं. बोलून तोंड कशाला शिणवायचं?

दोन पिशव्या आल्या. आम्ही दोघी घमेल्यानं आणि वाउटर त्याच्या ढकलगाडीनं माती वाहत होतो. वाउटरचीच उंची नडली होती, त्याला त्याचं वाईट वाटत होतं, म्हणून घाम गाळत होता बिचारा. श्रेयसची मीटिंग होती. अडीच तास चालली, आणि आमची शेवटची फेरी संपली तेव्हाच संपली. टोमॅटोला माती उरेल म्हणाली होती सून. मी उरू दिली नाही. दोन्ही पिशव्या झाडून रिकाम्या केल्या. टेप लावला तर मांडव दोनच्या चांगला आत.

"बघा," विशाखा म्हणाली.

"बघते शनिवारी," मी म्हणाले.

बुधवारी पाऊस लागला. इथला पाऊस पडत नाही, रडतो. बारीक, चिकट, दिवसरात्र. माती चहात बुडवलेल्या खारीसारखी बसत गेली. शुक्रवारी लेकानं छत्री धरून टेप लावला आणि घरी येऊन हळूच बोलला, "माझ्या हिशेबानं टाकली असती तर आत्ता दोन पॉइंट शून्य सात असते."

"आनि आता?"

त्यानं टेपवर अंगठा धरून दाखवला, दोनच्या एक बोट पुढं. विशाखानं त्याच्या हातातला टेप काढून घेतला. पिशव्या रिकाम्या होत्या आणि खताच्या ढिगाचा पावसात चिखल झाला होता. मी वरच्या शेंगा दाबून बघितल्या होत्या. दाणा टणक व्हायला अजून आठवडा तरी हवा होता.

शनिवारी खेरिट आला. लांबूनच हात करून आम्हाला दीड मीटरवर उभं केलं. मग खाली बघितलं. काळी माती बघितली, बुंध्याशी दिलेली भर बघितली, वाउटरकडं बघितलं. वाउटर हसला. खेरिट नाही. वाकून त्यानं टेपचं टोक मातीवर टेकवलं आणि वर ओढला. माझा जीव त्या पिवळ्या पट्टीला टांगलेला.

पट्टीवर काय होतं ते मला लांबून दिसलं नाही, पण माझ्या लेकाची नजर तेज. त्याचा ओठ हलायला लागला. खेरिट आकड्याकडं बघतोय, नाकातून श्वास सोडतोय, टेप जरा सैल सोडतोय, परत ताणतोय. शेवटी म्हणाला, "त्वे."

"दोन म्हणतायत," विशाखा पुटपुटली.

"ॲक्च्युअली," श्रेयसनं तोंड उघडलं, "इट्स टू पॉइंट झिरो व..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. चिखलाचा गमबूट, आणि त्यात माझं सगळं वजन. तो मागं कोलमडला आणि पुढचा आकडा त्याच्या घशातच राहिला. खेरिटनं वळून बघितलं. मी हात जोडले. त्यानं मान हलवली आणि पुढच्या बटाट्याच्या वाफ्याकडं, तिथलं कुंपण मोजायला गेला.

"आई! बोट मोडलं असतं माझं!" लेक एका पायावर नाचत होता. "खरं तेच सांगत होतो मी!"

"मोडलं का?"

"मोडलं नाही, पण..."

"मग न्हाईच मोडलं. ठिपक्याम्होरचं मला सांगू नगंस."

विशाखा पाठ फिरवून खांदे हलवत होती. वाउटरला काय झालं ते कळलं नाही, तरी तो मोठ्यानं हसला. मी मांडवाखाली शिरले. वेल खाली लोंबत होते, आणि आता भुईही वर आली होती ना. डोक्याला शेंगा लागल्या. एक चांगली भरलेली होती, ती कानापाशी नेऊन हलवून बघितली. आत दाणा अजून वाजत नव्हता.

"विशाखे," मी बाहेर हाक दिली, "पुढच्या शनिवारपतूर कुनाला हितं टेप घिऊन फिरकू दिऊ नगंस. तुझ्या नवऱ्याला तर आजाबात नगं."